मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी

नाशिकजवळ जलालपूर नावाचं गाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या गोखल्यांच्या घरात बाजारातून आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. धान्य धुवायचं, गूळ धुवायचा, अगदी मीठसुद्धा धुवायचं! धुतल्यावर त्यातलं किती उरायचं देव जाणे. घराचे यजमान नाना गोखले यांचं सोवळं इतकं कडक होतं की घरातल्या बायकांचा दिवस पाणी भरण्यात आणि धुण्यातच सरायचा. यामागे नुसता कर्मठपणा नव्हता. १८५७ च्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर विटाळाच्या भीतीने त्यांच्या मनात घर केलं ते कायमचंच.

या घरात १८६८ साली मनकर्णिका नावाची मुलगी जन्मली. लग्न होऊन ती लक्ष्मीबाई टिळक झाली. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्याच या. शाळेत मराठीच्या पुस्तकात एखादा उतारा तुम्ही वाचला असेल, परीक्षेपुरता पाठही केला असेल. आणि टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत बरं का! हे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. दोघेही कोकणातले चित्पावन, वयातही फार अंतर नाही, त्यामुळे गोंधळ नेहमीचाच.

धर्मांतराचा इतिहास आपण बहुतेक वेळा तारखांनी वाचतो. १० फेब्रुवारी १८९५, मुंबई, टिळकांचा बाप्तिस्मा. झालं! आमच्या भाषेत सांगायचं तर ही नुसती रिलीज डेट. त्याआधी आणि त्यानंतर घरात काय चाललं होतं, चूल कुणाची पेटली, पाणी कोण भरत होतं, मूल कुणाजवळ राहिलं, हे तारखेत दिसत नाही. मला मात्र त्यातच जास्त रस आहे. एखाद्या माणसाची श्रद्धा आणि त्याची समाजसेवा, या दोन्हींचं बिल घरात कोण भरतं? मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या प्रश्नाचं इतकं सविस्तर उत्तर देणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. आणि ते लिहिलंय एका अशा बाईने, जिचं शालेय शिक्षण जवळजवळ शून्य होतं.

लग्न १८८० सालचं. नवरा अठरा वर्षांचा, नवरी बारा. नवरा बुद्धिमान, संस्कृतचा व्यासंगी, शीघ्रकवी, आणि एका जागी न टिकणारा. नाशिक, मुरबाड, वणी, नागपूर, राजनांदगाव... बिऱ्हाडं बदलत राहिली. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजूला देऊन मोकळं व्हायचं, ही सवय ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासूनची. देशाचं भलं कुठल्या धर्माने होईल, जातिभेद कसे मोडतील, याचा विचार डोक्यात चोवीस तास. आणि घरात लक्ष्मीबाई उद्याच्या स्वयंपाकाची जुळवाजुळव करतायत. आजही अनेक कार्यकर्त्यांच्या घरात हे चित्र दिसेल.

१८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी टिळकांच्या गप्पा झाल्या. त्याने जाताना त्यांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं. नव्या करारातलं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात रुतून बसलं. पुढे काय झालं ते वर सांगितलेल्या तारखेत आहे.

लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्या नातेवाइकांकडे होत्या, सोबत चार वर्षांचा दत्तू. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला! त्या काळच्या ब्राह्मण समाजात याचा अर्थ नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्यांच्या मनाची पार वाताहत झाली. पुढची चार-साडेचार वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, कधी नाशिकला, कधी पंढरपूरला. बहिणीच्या सासरच्या मंडळींनी आधार दिला. टिळकांची पत्रं येत राहिली.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी, कारण त्याशिवाय या साडेचार वर्षांचं मोल कळत नाही. धर्मांतरितांसाठी इंग्रज सरकारने दोन कायदे केले होते. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून वारसाहक्क जाणार नाही असं ठरवलं. आणि १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला आणखी एक वाट करून दिली. धर्मांतरामुळे नवरा किंवा बायको सलग सहा महिने सोबत राहायला तयार नसेल, तर कोर्टात जाता येत असे. तिथे विचार करायला मुदत दिली जाई, आणि तरीही जोडीदार तयार झाला नाही तर लग्न मोडता येई. मग दुसरं लग्न करायला मोकळीक. म्हणजे टिळकांपुढे रीतसर, कायदेशीर वाट होती. ते त्या वाटेला गेले नाहीत. आणि नातेवाइकांचा एवढा दबाव असूनही लक्ष्मीबाईंनी दार कायमचं बंद केलं नाही. धर्म एकाचा बदलला होता, पण संसार दोघांनीही मोडीत काढला नव्हता.

शेवटी त्या दत्तूला घेऊन नगरला आल्या. (अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. पण बोलताना आपण नगरच म्हणतो, तेव्हा इथेही नगरच.) अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये १८३१ पासूनच काम सुरू केलं होतं. सिंथिया फरार या बाईंनी चालवलेली मुलींची शाळा इथलीच. ती पाहून जोतिराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायची प्रेरणा मिळाली आणि १८४८ साली त्यांनी ती काढली. टिळक इथे मिशनच्या कामात रमले होते.

नगरला आल्या म्हणजे लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या का? मुळीच नाही! चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं जसंच्या तसं. आणि टिळकांनीही बळजबरी केली नाही. बायकोचं सोवळं सांभाळलं जाईल अशी व्यवस्था त्यांनी केली. एका माणसाला वाटतं की आपल्याला सत्य सापडलंय, आणि तरी तो बायकोच्या पाण्याच्या हंड्याला हात लावत नाही, तिचं तिने ठरवावं म्हणून थांबतो. मला हा भाग बाप्तिस्म्याच्या तारखेपेक्षा मोठा वाटतो.

लक्ष्मीबाईंचा बदल प्रवचनाने झाला नाही. त्या रोज बघत होत्या. तहान सगळ्यांना सारखीच लागते, पोरं सगळ्यांची सारखीच रडतात, आजारी माणूस कुठल्याही जातीचा असो, त्याला घोटभर पाणी हवंच असतं. मग ही भिंत देवाने घातली की माणसाने? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत राहिला आणि एक दिवस त्यांनी मनाशी निकाल लावला, जात माणसाने केलेली, देवाने नाही. तेव्हापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. इथे क्रम लक्षात घ्या. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. १९०० साली राहुरीत त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा सोवळं आधीच सुटलं होतं. बहुतेक जण आधी मत बदलतात आणि वागणं मागून फरफटत येतं (किंवा येतच नाही!). या बाईंचं उलटं होतं.

आणि वेळ कोणती? १८९९-१९०० चा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून 'छप्पन्नचा दुष्काळ' या नावाने जुन्या लोकांच्या बोलण्यात तो राहिला. नगर जिल्हा तसाही अवर्षणाचा. माणसं कामाच्या शोधात गावं सोडून निघालेली, वाटेत आईबाप मेले की मुलं उघड्यावर. मिशनऱ्यांनी अनाथालयं उघडली. केडगावला पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती' याच काळात दुष्काळातल्या मुलींनी भरून गेलं. रमाबाईंचं काम मोठ्या प्रमाणावरचं. जमीन, इमारती, छापखाना, देशोदेशीचे देणगीदार, सगळी संस्था पद्धतशीर उभी केलेली. टिळकांच्या घरी यातलं काहीच नव्हतं. मिशनचा तुटपुंजा पगार, आणि दारात आलेल्याला परत न पाठवणारा नवरा. मुलं घरात येत गेली, राहत गेली. त्यांच्या डोक्यातल्या उवा काढणं, खरजेला मलम लावणं, रात्री कुणी घाबरून उठलं तर जवळ घेणं, ही कामं कुणी केली असतील? मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने.

मिशनचे वार्षिक अहवाल असतात. त्यात शाळा किती, बाप्तिस्मे किती, अनाथ किती, खर्च किती, सगळं येतं. उवांचा कॉलम त्यात नसतो. ज्याने आठवड्याचे स्टेटस रिपोर्ट भरले आहेत त्याला हे वेगळं सांगायला नको. :-) 'स्मृतिचित्रे' हा त्या अहवालांमधून सुटलेल्या कामाचा दस्तऐवज आहे, म्हणून इतिहास म्हणून त्याची किंमत आहे.

नगरच्या त्या घरात बाप्तिस्मा घेतलेलेच लोक राहत होते असंही नाही. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, काही काळ टिळकांकडे राहिले होते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे या कोवळ्या पोराची कविता ऐकून लोक थक्क झाले आणि 'बालकवी' हे नाव पडलं. टिळकांनी त्याला घरी आणलं. तो हिंदूच होता आणि हिंदूच राहिला, या घरात त्यामुळे काही अडलं नाही. हट्टी, लहरी, लहान मुलासारखा वागणारा हा कवी लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखा सांभाळला. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला, अवघ्या सत्तावीस वर्षांचा.

मग प्लेग. मुंबईत तो १८९६ साली आला आणि पुढची अनेक वर्षं दख्खनभर फिरत राहिला. हाफकिनची लस १८९७ पासून होती, पण एकदा रोग झाला की त्यावर औषध नव्हतं. खरा गुण देणारं स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात सापडलं, म्हणजे त्या काळी शुश्रूषा हाच उपचार. नगरला साथ आली तेव्हा हे नवरा-बायको छावणीत रोग्यांची सेवा करायला गेले. २०२० साली आपण घरात बसून दाराबाहेरच्या पार्सलवर सॅनिटायझर मारत होतो, भाज्या साबणाच्या पाण्यात बुडवत होतो, तेव्हा मला नाना गोखल्यांचं धुतलेलं मीठ आठवायचं. भीती वाटते तेव्हा माणूस धुवायला लागतो. ते समजण्यासारखं आहे. पण लक्ष्मीबाईंचा प्रवास धुण्यापासून शिवण्यापर्यंतचा आहे, आणि शिवायचं ते प्लेगच्या रोग्याला!

(जाता जाता, नगरला अमेरिकन मिशनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हॉस्पिटल पुढे १९३९ साली साल्व्हेशन आर्मीकडे गेलं. तेच आजचं बूथ हॉस्पिटल. २०२० मध्ये कोरोनाच्या रुग्णांना घेणाऱ्या नगरमधल्या पहिल्या काही ठिकाणांपैकी ते एक होतं.)

माझा नगरचा एक जुना सहकारी आहे, मराठी ख्रिस्ती. रविवारी सकाळी त्याचा फोन कधीच लागायचा नाही. एकदा त्याच्याबरोबर त्याच्या गावच्या उपासनेला गेलो. मला वाटलं होतं पियानो, इंग्रजी गाणी वगैरे असेल. निघाली पेटी, तबला आणि झांजा! टिळकांची भजनं, चाल अभंगाची. डोळे मिटले असते तर एखाद्या सप्ताहात बसल्यासारखं वाटलं असतं. टिळकांच्या आधीही मराठीत ख्रिस्ती गीतं होती, पण त्यातली बरीच इंग्रजी गाण्यांची भाषांतरं, परक्या चालीत कशीबशी कोंबलेली. टिळकांनी अभंग आणि ओवी घेतली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, असं ते स्वतःच सांगत. आज 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. उपासनेनंतर मित्राच्या घरी जेवलो. आधी दोन डबे भरले गेले, शेजारच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी, मग आमची पानं. कोणी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. मीच विचारलं तेव्हा त्याची आई म्हणाली, "अरे, रोजचंच आहे ते." या 'रोजचंच' शब्दाने मी लक्ष्मीबाईंकडे पुन्हा वळलो, आणि या वेळी पुस्तक सगळं वाचलं.

आता पुस्तकातला कठीण भाग. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडलं. वय पंचावन्न. त्यांना पाश्चात्त्य साच्यातल्या चर्चपेक्षा वेगळं काही हवं होतं. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा. कल्पना आजही धाडसी वाटते. पण ही संन्यासी वृत्ती संसारी माणसाची होती, आणि संन्याशाच्या घरीही संध्याकाळी चूल पेटवावी लागते. ती कुणी पेटवायची?

अशा ठिकाणी आपण दोनपैकी एक बाजू घेतो. एक तर नवऱ्याला संत ठरवून बायकोला 'त्यागमूर्ती' म्हणायचं आणि हार घालायचा. नाहीतर नवऱ्याला बेजबाबदार ठरवून बायकोला 'बळी' म्हणायचं. लक्ष्मीबाई दोन्हींना जागा देत नाहीत. त्या पुस्तकभर नवऱ्याला चक्क 'टिळक' म्हणतात, त्याचा विसरभोळेपणा, संताप, उधळेपणा, सगळं हसत हसत उघडं करतात. भांडणंही सांगतात, स्वतःचा हट्टही झाकत नाहीत. पण माणूस खरा होता याबद्दल त्यांना शंका नाही. दुसऱ्याला द्यायचं म्हणताना तो स्वतःचंही काही राखत नसे, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. आणि हळूहळू, देणारे एकटे टिळक राहिले नाहीत. घर त्यांचंही होतं, मग दारही त्यांनी स्वतःच्या हाताने उघडायला सुरुवात केली. मला वाटतं, सेवा आणि संसार यांचं भांडण मिटतं ते इथेच. एकाने दान करायचं आणि दुसऱ्याने गुपचूप भरपाई करायची, यात नाही. दुसऱ्यालाही 'नाही' म्हणायची मुभा हवी. लक्ष्मीबाईंना चार-साडेचार वर्षं 'नाही' म्हणता आलं, म्हणून त्यांच्या नंतरच्या 'हो'ला वजन आहे.

९ मे १९१९ ला मुंबईत टिळक वारले. मागे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं, जेमतेम दहाएक अध्याय झालेले. नवऱ्याने ज्यांना अक्षरांची गोडी लावली त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. ते १९३८ साली छापून आलं. दरम्यान मुंबईत मुलींच्या वसतिगृहात नोकरी झाली, मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीत राहणं झालं. दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होते, त्यासाठी आईला आठवणी लिहायला सांगितलं, आणि चरित्राच्या कच्च्या मालातून आत्मचरित्र निघालं! 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आली. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या.

इतिहासाचं साधन म्हणून या पुस्तकाकडे थोडं सावधपणे बघायला हवं, हेही खरं. घटना घडून गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी, आठवणीतून लिहिलेलं, आणि मुलाच्या हातून छापलं गेलेलं. साल-महिने पाहायचे असतील तर इतर कागद हवेतच. पण तारखा पुरवायला अहवाल आहेत. साडेचार वर्षं वेगळी राहिलेली बायको परत आल्यावर पहिला हंडा कुठे ठेवला, हे सांगायला मात्र दुसरं कोणी नाही.

आपल्यापैकी बरेच जण शनिवारी कुठे ना कुठे जातात. झाडं लावतात, वस्तीत शिकवतात, रक्तदान शिबिर भरवतात. चांगलंच आहे, मीही जातो. फक्त निघताना एकदा बघावं की मागे घरात कोण राहिलंय, आणि आपल्या पुण्याच्या वाट्याची भांडी कोण घासतंय. तिला किंवा त्याला विचारलंय का, येतेस का, जमेल का, नको वाटतंय का? उत्तर 'नको' आलं तर थांबायची आपली तयारी आहे का? टिळकांची होती. आगगाडीत मिळालेलं बायबल वाचून त्यांनी जे जे केलं, त्यात मला सगळ्यात ख्रिस्ती वाटलेली गोष्ट हीच.

असो. पुस्तक सहज मिळतं. संपूर्ण आवृत्ती घ्या, त्यांचे नातू अशोक टिळक यांनी संपादित केलेली. शाळेतल्या उताऱ्यावर जाऊ नका, आणि वाचताना जवळ कुणीतरी असू द्या, कारण दर चार पानांनी 'हे ऐक' म्हणून मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटतं.